ओळीच्या शेवटच्या दोन रेघा

नंदुरबारच्या तारघराच्या ओट्यावर, दाराच्या डाव्या हाताला, एक फरशी बाकीच्या फरश्यांपेक्षा गुळगुळीत होती. अजीज मुन्शी तिच्यावर अठरा वर्षं बसला. समोर उतरत्या झाकणाची लाकडी पेटी, पेटीवर दौत आणि तारेचे कोरे फॉर्म, मांडीखाली चौपदरी घोंगडी. अक्षर येत नसलेला माणूस तारघरात आला की खिडकीपाशी जाण्याआधी अजीजपाशी उकिडवा बसायचा आणि काय झालं ते सांगायचा. जे झालं ते दहा शब्दांत बसवायचं हे अजीजचं काम. मरण, जन्म, मोडलेला पाय, ठरलेली सोयरीक. त्याला इंग्रजी सत्तर-पंच्याहत्तर शब्द येत होते आणि त्याच्याकडे येणाऱ्यांच्या आयुष्याला तेवढे पुरत.

हे काम त्याला बापाकडून आलं, पण सरळ आलं नाही. बाप मामलेदार कचेरीबाहेर दस्त लिहायचा. अक्षर असं की कारकून ते मुद्दाम एकमेकांना दाखवत. एकदा त्यानं एका शेताचं खरेदीखत लिहिलं. विकणाऱ्यानं विहीर स्वतःकडे ठेवली होती. खतातली एक ओळ समासाच्या दोन बोटं अलीकडे संपली. पुढे तंटा झाला, खत हाकिमापुढे आलं, तेव्हा त्या दोन बोटांच्या जागेत एक शब्द होता. विहिरीसह. शाई तीच, वळणही जवळपास तेच. बापानं कुराणावर हात ठेवून सांगितलं की हा शब्द माझा नाही. शिक्षा झाली नाही. फक्त दुसऱ्या दिवसापासून त्याच्याकडे कोणी आलं नाही. वर्षभर तो रोज सकाळी दौत भरून कचेरीसमोर बसे आणि संध्याकाळी ती भरलेली दौत घेऊन घरी येई.

त्या वर्षात त्यानं स्वतःसाठी एक रीत घालून घेतली. ओळ समासापर्यंत पोचली नाही, तर उरलेल्या जागेतून आडवी रेघ ओढायची, आणि समासाला टेकताना दोन आखूड रेघा, एकीखाली एक. दाराला आतून कडी लावावी तशी. पोचलेल्या ओळीलाही त्या दोन रेघा द्यायच्याच. अजीज आठ वर्षांचा असताना बापानं त्याला पाटीवर अक्षरं शिकवली ती या रेघांसकट. अलिफ आला, बे आला, आणि ओळ संपली की दोन रेघा. विसरला तर बोटांच्या पेरांवर पट्टी बसे. बाप म्हणे, शेवटी जागा राहिली की ती दुसऱ्याची होते. अजीजला ते नीट कळलं नव्हतं, पण हाताला कळलं. पुढे रेघा काढताना त्याचं लक्षही तिकडे नसे. पाऊल पडतं तशा त्या पडत.

बाप गेला तेव्हा दस्त लिहिण्याची जागा दुसऱ्यांनी घेतली होती. अजीज तारघराच्या ओट्यावर येऊन बसला. त्या वेळचे तारमास्तर छगनलाल हे जाड भिंगांचे, अबोल गृहस्थ होते. पहिल्या आठवड्यात त्यांनी त्याला एवढंच सांगितलं की अक्षर मोठं काढ, माझी नजर अधू आहे. अजीज मोठं, गोल रोमन अक्षर काढू लागला. फॉर्मवरच्या ओळी आखूड. मोठ्या अक्षरात तीन-चार शब्दांतच ओळ भरे.

सतरा वर्षं त्याच्या तारा पोचल्या. नंदुरबारात हे बोललं जाई. अजीजच्या हातची तार म्हणजे समजा, माणूस निघालाच. लोक त्याच्या घरी लग्नाच्या पत्रिका टाकत. बायको बिबीजान म्हणे की सगळ्या गावाचं बरंवाईट आपल्या घरावरून जातं, पण आपल्याकडे एक तार कधी आली नाही. तो म्हणे, न आलेली बरी.

सत्तावन्न साली छगनलाल मास्तर निवृत्त होऊन तळोद्याला लेकीकडे गेले. पावसाळ्यात नवे मास्तर आले. तिशीचे, भांग सरळ पाडलेले, कोणाच्या अध्यात ना मध्यात. ते घाटावरच्या मोठ्या तारघरातून आले होते आणि खुशीनं आले नव्हते. तिथे कोणा गिऱ्हाइकानं फॉर्मवर चुकीची तारीख लिहिली असं वाटून त्यांनी ती दुरुस्त करून पाठवली होती. तारीख बरोबर होती. चुकीच्या दिवशी माणूस पोचला, चौकशी झाली, आणि शिक्षा म्हणून नंदुरबार. रुजू झाल्या दिवशी ते अजीजला म्हणाले, "मुन्शी, एक सांगून ठेवतो. कागदावर जे असेल ते तारेवर जाईल. कमी नाही, जास्त नाही."

अजीजला ते आवडलं. बापाला असा माणूस भेटायला हवा होता असं त्याला वाटलं.

अठ्ठावन्नच्या हिवाळ्यात कोरीटहून फुलवंताबाई आल्या. नवरा शांतीलाल केळीच्या बागेत पडला होता, छातीला हात लावून, आणि तेव्हापासून उठला नव्हता. एकुलता मुलगा बन्सीलाल सुरतेला गिरणीत होता. सोबत पुतण्या चुनीलाल, बैलगाडी दारात. बाईंनी कमरेच्या पिशवीतून एक घडी पडून पडून फाटलेला कागद काढला. त्यावर कोणी गिरणीतल्या माणसानं लिहून दिलेला मुलाचा पत्ता. बन्सीलाल शांतीलाल, अमक्या जॉबरच्या, म्हणजे गिरणीतल्या मुकादमाच्या, मार्फत, अमक्या गिरणीच्या मागची चाळ, खोली अमुक. अजीजनं पत्ता दोन ओळींत उतरवला. खाली तीन शब्द. बाप अत्यवस्थ, निघ. प्रत्येक ओळीच्या शेवटी दोन रेघा. बाईंनी अंगठा उमटवायला हात पुढे केला, तेव्हा त्यानं सांगितलं की तारेला अंगठा लागत नाही.

सुरतेची पॅसेंजर दुपारी नंदुरबारला येई. दुसऱ्या दिवशी चुनीलाल गाडी जुंपून स्टेशनावर गेला. गाडीत गादी घातली होती, वर स्वच्छ चादर. बन्सीलाल उतरला नाही. तिसऱ्या दिवशी गाडी गेली. चौथ्या दिवशी गेली. कोरीटच्या वाटेवरची शेतं तिन्ही दिवस ती गाडी जाताना बघत होती आणि परत येताना चादरीवर फक्त धूळ बघत होती. शांतीलालला बोलता येत होतं. तो दर वेळी विचारी, उतरला का. चौथ्या दिवशी त्यानं विचारलं नाही. अग्नी चुनीलालनं दिला.

बन्सीलाल आला तो तेराव्यानंतर. केळी घेऊन सुरतेला गेलेला गावचा एक माणूस त्याला गिरणीच्या दारात भेटला आणि तू अजून इथेच कसा, असं म्हणाला. तिथेच त्याला कळलं. घरी आईनं त्याला दुसऱ्या कोणाकडून तरी जेवायला वाढवलं, स्वतः वाढलं नाही. दोन दिवस तो ओसरीवर बसला. आई आत-बाहेर करताना त्याच्यावरून असं बघे की जणू तिथे खांब आहे. गावात कोणी काही विचारलं नाही. विचारलं असतं तर त्याला सांगता आलं असतं. परत जाताना तो तारघराच्या ओट्यापाशी थांबला. डोकं भादरलेलं, त्यावर टोपी नाही.

"मुन्शीजी, माले एकच सांगा. तार लिखी व्हती का?"

"लिखी व्हती."

"मंग ती कोठे गयी?"

अजीज त्याला घेऊन खिडकीशी गेला. मास्तरांनी कुरकुर न करता फाईल काढली. सुरतेहून तिसऱ्या दिवशी उलट निरोप आला होता. पत्ता अपुरा, माणूस सापडत नाही. नियमाप्रमाणे तसं कार्ड कोरीटला टपालानं रवाना. ते इंग्रजी कार्ड कोरीटला पोचलंही होतं आणि दहाव्याच्या गडबडीत आढ्याला खोचलं गेलं होतं. मग मास्तरांनी मूळ फॉर्म काढला. दोन ओळींत पत्ता पुरा होता. जॉबर होता, गिरणी होती, चाळ होती, खोली होती.

"पुरा आहे," मास्तर म्हणाले. "मी पुरा पाठवला. सुरतेचं सुरतेला ठाऊक."

बन्सीलालनं तो फॉर्म मागितला. मास्तरांनी सांगितलं की तो कचेरीचा असतो. मग बन्सीलाल अजीजला म्हणाला की आईला कोणी तरी एवढं सांगायला हवं की तार मिळूनही मी बसून राहिलो असं झालं नाही. दुसरं मला काही नको. शेत चुनीलालनं केलं तरी चालेल. अजीजनं शब्द दिला. का दिला हे त्यालाही सांगता आलं नसतं. भादरलेल्या डोक्याच्या माणसाला नाही म्हणवलं नाही, एवढंच.

अजीजची एक वही होती. लिहिलेली प्रत्येक तार तो तीत आधी कच्ची उतरवी, त्याच ओळींत, त्याच रेघांसकट. ही सवयही बापाचीच. उद्या कोणी म्हणालं की हा शब्द तुझा, तर दाखवायला काही हवं. आता त्यानं पावसाळ्यापासूनची पानं काढली आणि माणसं गाठायला सुरुवात केली. बाजारात, मशिदीबाहेर, जिनिंगच्या आवारात. तुमची तार पोचली का? लोक आधी हसले. मग काहींचे चेहरे बदलले. एकाचा जावई आला नव्हता आणि त्यानं लेकीला माहेरी आणून ठेवलं होतं. एकानं भावाशी बोलणं सोडलं होतं. कोणीही तारघरात विचारायला आलं नव्हतं. तार पोचली नसेल ही शंकाच कोणाला आली नव्हती. अजीजच्या हातची होती ना.

ज्या पोचल्या नव्हत्या त्यांच्यापुढे तो वहीत फुली करत गेला. आधी त्यानं पावसाला दोष दिला. पण पावसानंतरच्याही होत्या. मग सुरतेला, पण मुंबईच्या होत्या, बडोद्याच्या होत्या. मग स्वतःच्या इंग्रजीला; पण ज्या शब्दांनी एक तार पोचली त्याच शब्दांनी दुसरी अडली होती. मग, काही दिवस, मास्तरांना. लोकांनाही तेच पटत होतं. नवा मास्तर मनावर घेत नाही, छगनलालच्या वेळी असं नव्हतं, असं चहाच्या दुकानात म्हणू लागले होते. अजीज ते ऐके आणि काही बोलत नसे. गप्प बसलं तर ते तसंच पक्कं होणार होतं.

मग त्याला फुल्यांमध्ये एक गोष्ट दिसली. पेढीवाल्यांच्या, दलालांच्या, वकिलांच्या तारांपुढे एकही फुली नव्हती. फुल्या होत्या गिरणीत गेलेल्यांच्या, गोदीत गेलेल्यांच्या, कोणाच्या तरी मार्फत राहणाऱ्यांच्या. ज्याला गाव ओळखतं त्याचा पत्ता एका ओळीत मावतो. नाव आणि पेठ, झालं. ज्याला कोणी ओळखत नाही त्याला सांगावं लागतं की कोणाच्या मार्फत, कशाच्या मागे, कितवी खोली. त्याला दुसरी ओळ लागते. सगळ्या फुल्या दुसऱ्या ओळीच्या होत्या.

पण दुसऱ्या ओळीत असं काय होतं ते त्याला कळेना. आठ दिवस तो कोरीटच्या तारेचं वहीतलं पान बघत होता. बिबीजान म्हणाली की अक्षराकडे इतकं बघितलं की अक्षर दिसेनासं होतं. ते खरं होतं. तो शब्द बघत होता. शब्द सगळे बरोबर होते.

ते दिसलं दुसऱ्याच्या कागदावर. एक कापूसवाला धुळ्याहून आला, त्याच्याकडे अजीजनंच लिहिलेली, धुळ्यात पोचलेली तार होती. घरी लवकर ये म्हणून भावानं केलेली. अजीजनं सहज हातात घेतली. धुळ्याच्या कारकुनाचं घाईचं, उजवीकडे कललेलं अक्षर. आणि मजकुराच्या मधोमध, वहीतली ओळ जिथे संपली होती तिथे, दोन आखूड आडव्या रेघा. पुढे जिथे दुसरी ओळ संपली होती, तिथे पुन्हा दोन. कधी न पाहिलेल्या माणसाच्या हातानं त्याच्या बापाच्या रेघा काढल्या होत्या. कापूसवाला म्हणाला की ही नक्षी काय असते ते आम्हीही एकमेकांना विचारत होतो.

तो वही घेऊन मास्तरांपुढे उभा राहिला. या रेघा तुम्ही पाठवता का?

"पाठवतो. कागदावर असतात."

मास्तरांनी त्याला समजावून सांगितलं, चांगल्या शाळामास्तरासारखं. तारेवर कागद दिसत नाही. ओळ दिसत नाही, समास दिसत नाही. नुसता खटका वाजतो, लांब आणि आखूड. तेव्हा पत्ता कुठे संपला आणि मजकूर कुठे सुरू झाला हे सांगायला एक खूण लागते. लांब, तीन आखूड, लांब. त्यांनी टेबलावर बोटानं वाजवून दाखवली. आणि कागदावर ती खूण अशीच काढतात, दोन आखूड रेघा, एकीखाली एक. सुरतेच्या माणसाला पहिली खूण ऐकू आली की पत्ता संपला. नाव लिहून झालं, पाकीट झालं. पुढची चाळ आणि खोली मजकुरात गेली आणि पाकिटात बंद झाली. शिपाई नुसतं नाव घेऊन सुरतभर हिंडणार कुठे? ते म्हणाले की मला वाटलं, तुम्हाला ठाऊक असेल. इतकी वर्षं इथे बसता.

अजीजनं विचारलं की मग छगनलाल मास्तरांच्या वेळी कशा पोचत होत्या?

ते मास्तरांना सांगता येईना. म्हणून अजीज तळोद्याला गेला. नदीपर्यंत बैलगाडीनं, मग नावेनं, पुढे सागाची लाकडं न्यायला डोंगराकडे निघालेल्या रिकाम्या ट्रकमधून. छगनलाल लेकीच्या ओसरीवर खाटेवर बसले होते. एका डोळ्यानं आता अजिबात दिसत नव्हतं. अजीजनं सगळं सांगितलं, कोरीटसकट.

"त्या मी गाळायचो," मग ते म्हणाले. "पहिल्याच दिवशी दिसल्या. म्हटलं, असेल हाताची सवय."

"मला एकदा सांगायचं होतंत."

"सांगणार होतो. पण तुझ्या बापाचं ठाऊक होतं मला. म्हटलं, त्या काढायला लावल्या तर तुला लागेल. माझं काय जात होतं, दोन रेघा सोडून पुढे जायचं. सतरा वर्षं सोडल्या."

आतून लेकीनं चहा पाठवला. अजीजनं तो बशीत ओतला आणि तसाच ठेवला. म्हाताऱ्यानं त्याच्यावर माया केली होती. सतरा वर्षं, रोज, न सांगता. ती नसती तर पहिल्याच महिन्यात एखादी तार परत आली असती, चार लोक हसले असते आणि अजीजचा हात सुधारला असता. उठताना त्याला म्हाताऱ्याच्या पाया पडावं की शिवी द्यावी ते कळलं नाही. त्यानं सलाम केला.

पुढचं सोपं होतं. रेघा बंद करायच्या. कोणाला काही सांगायची गरज नव्हती. लोक नव्या मास्तरांना बोलत होते, त्यांची आज ना उद्या बदली झाली असती. अजीजची जागा तशीच राहिली असती, नावही. परतीच्या वाटेवर त्यानं हा विचार पूर्ण केला, अगदी शेवटपर्यंत. मग तो तारघरात गेला आणि मास्तरांना म्हणाला की कोरीटची तार का पोचली नाही हे मला शिक्का मारून लिहून द्या. बन्सीलालच्या आईला दाखवायचं आहे.

मास्तरांनी पेन उचललं नाही.

"द्यायला हरकत नाही. पण मग कारण लिहावं लागेल. फॉर्म लिहिणाऱ्यानं नको त्या जागी खुणा घातल्या, असं. माझ्या सहीनं ते गेलं की मी तुम्हाला या ओट्यावर बसू देऊ शकत नाही. उद्या कोणी विचारलं, तर?"

"लिहा."

"मुन्शी, घरी जाऊन विचार करा. नुसत्या रेघा सोडून द्या, मी काही बोलत नाही."

"मास्तरसाहेब, कागदावर जे असेल तेच जातं ना? मग लिहा."

मास्तरांनी लिहिलं. चांगलं, स्पष्ट मराठी लिहिलं. खाली शिक्का उमटवला. अजीजनं पेटी उचलली, घोंगडी काखेत मारली. शाई सांडू नये म्हणून दौत एका हातात वेगळी धरली होती. चहाच्या दुकानातून कोणी तरी विचारलं, मुन्शीजी, आज लवकर? त्यानं मान हलवली. आठ दिवसांत चहाच्या दुकानातलं बोलणं फिरलं. लोक म्हणू लागले की अजीजच्या हातची तार जाते, पोचत नाही. लेकीला माहेरी ठेवलेला माणूस त्याच्या दारात येऊन गेला. शिव्या दिल्या नाहीत, नुसता उभा राहिला.

कोरीटला तो चालत गेला. फुलवंताबाई अंगणात कापूस वेचलेल्या फडक्याच्या गाठी सोडत होत्या. चुनीलाल बैलांना पाणी दाखवत होता. अजीजनं कागद वाचून दाखवला. मग वही उघडून रेघा दाखवल्या, मग धुळ्याच्या तारेवरून उतरवून आणलेल्या रेघा दाखवल्या. त्यानं मातीत काडीनं पत्ता लिहिला, दोन ओळी, आणि मध्ये हात आडवा धरून दाखवलं की सुरतवाल्याला इथपर्यंतच ऐकू आलं. तो म्हणाला की बन्सीलालचा काही दोष नाही. दोष माझ्या हाताचा.

बाईंनी मातीतल्या त्या दोन रेघांकडे वाकून पाहिलं. बोट लावलं.

"हाई रेघ? ह्या येवढ्याशा रेघमुये मन्हा मालकनी तीन दिन वाट दखी?"

अजीज हो म्हणाला.

त्यांनी फडक्याची गाठ पुन्हा हातात घेतली. आवाज चढला नाही. "नही भाऊ. पोऱ्या नही उना, हाई मी समजी लिसू. पन रेघमुये नही उना, हाई माले सांगू नको."

अजीज पुन्हा सांगायला लागला. चुनीलाल मधेच बोलला, बैलांकडे बघत. बन्सीभाऊनी तुले धाडं का रे, मुन्शी? काय दिधं त्यानी? बाईंनी त्याला गप्प केलं. मग त्यांनी कागद घेतला, घडी घातली आणि तो आढ्याला, इंग्रजी कार्डाशेजारी खोचायला चुनीलालला दिला. अजीजला ताक दिलं. तो निघाला तेव्हा मातीतला पत्ता त्यांनी पायानं पुसला नाही. पण बैल पाण्याहून परतले ते त्यावरूनच गेले.

नंदुरबारात मग त्याच्याकडे कोणी आलं नाही. वर्षभर त्यानं वाट पाहिली, बापासारखीच, फक्त घरात बसून. मग बिबीजानला घेऊन तो अक्कलकुव्याला गेला. तिथे त्याला कोणी ओळखत नव्हतं. बाजाराच्या दिवशी डोंगरातली माणसं खाली उतरत. मोटारस्टँडच्या बाजूला, लिंबाखाली तो पेटी मांडून बसे आणि त्यांचे अर्ज लिही. जंगलखात्याला, मामलेदाराला. त्यांची भाषा त्याला येत नव्हती आणि त्याची त्यांना. मध्ये कोणी तरी दुकानदार लागे. ओळ संपली की त्याचा हात पुढे जाई आणि टाक हवेत थांबे. कधी कधी शाईचा थेंब पडे. तो टिपकागदानं टिपून घेई. समास उघडे राहत. त्या उघड्या जागेत कोणी काही लिहिलं का, हे त्याला कधी कळलं नाही.

चौसष्ट साली, उन्हाळ्यात, चुनीलाल त्याला शोधत अक्कलकुव्याला आला. केस पांढरे झाले होते. काकू अखेरच्या होत्या. बन्सीलाल त्या वेळचा गेला तो पुन्हा फिरकला नव्हता, पत्र नव्हतं, आणि त्याचा पत्ता असलेला तो फाटका कागद कधीच गेला होता. काकूंनीच सांगितलं होतं, त्या मुन्शीकडून लिहून आणा. त्याच्या वहीत असेल.

अजीजनं वही काढली नाही. पत्ता त्याला पाठ होता. त्यानं आयुष्यात पहिल्यांदा बारीक अक्षर काढलं, इतकं बारीक की जॉबर, गिरणी, चाळ आणि खोली एका ओळीत बसली. खाली मजकूर. आई अत्यवस्थ, निघ. शेवटी काही नाही. मग तो चुनीलालसोबत स्वतः अक्कलकुव्याच्या तारघराच्या खिडकीपर्यंत गेला आणि तिथल्या मास्तराला म्हणाला की पोचल्याची खबर परत मागवा.

चुनीलाल पुन्हा आला तो महिन्यानं, कसल्याशा दाखल्यासाठी. काम झाल्यावर लिंबाखाली टेकला. गाडी तीन दिवस स्टेशनावर नेली, त्यानं सांगितलं. पहिल्यासारखीच गादी घालून. काकू चौथ्या दिवशी गेली.

"या वखतले तार पोचनी, मुन्शीजी. तठली खबर उनी. सही करीसन लिधी त्यानी, सोताना हातवरी."

"आणि?"

"आणि काय. उना नही."

अजीजनं पेटीचं झाकण लावलं, पुन्हा उघडलं. आईनं एकदा खोटा ठरवलेला बन्सीलाल का आला नसेल हे त्याला नेमकं कळत होतं, आणि ते समोरच्या माणसाला सांगता येणार नव्हतं. मातीत लिहून तर नाहीच.

चुनीलालनं तपकिरीची डबी काढली. गावात आता सगळे काकूचंच खरं मानतात, तो म्हणाला. पोरगा तेव्हाही असाच बसून राहिला असणार. "आते बाकी खरं सांगी टाका. पहिली बी पोचनीच व्हई. तुम्ही त्याना साठे रेघासनं काढं."

अजीज म्हणाला, नाही. मग त्यानं पहिल्यापासून सांगायला घेतलं. त्याच्या बापानं एक खरेदीखत लिहिलं होतं, त्यात एक ओळ समासाच्या दोन बोटं अलीकडे संपली. पुढे छगनलाल मास्तर, मोठं अक्षर, गाळलेल्या रेघा. चुनीलाल तपकीर ओढत, रस्त्याकडे बघत ऐकत होता. पत्ता दोन ओळींत गेला आणि पहिली ओळ जिथे संपली, असं अजीज म्हणत होता, तेवढ्यात नंदुरबारची मोटार आली. चुनीलाल उठला, धोतर झटकलं आणि जागा मिळावी म्हणून पळतच गेला.